डॉसवाले काकासाहेब

काकासाहेब हे त्यांचं पाळण्यातलं नाव. बेलापूरच्या कुऱ्ह्यांच्या घरात ते जन्मले तेव्हा आजोबांनी ते हौसेनं ठेवलं, आणि मग शाळेतले मास्तरही सहा वर्षांच्या पोराला "काकासाहेब, उठा" म्हणू लागले. चौथ्या वर्षी गोवर आला, ताप डोक्यात गेला आणि दोन्ही डोळे गेले. आई भागिरथीबाईंनी वर्षभर दवाखाने केले, देव केले, आणि मग एक दिवस पदर खोचून पोराला पुण्याच्या अंधशाळेत नेऊन सोडलं. तिथून काकासाहेब ब्रेल शिकून, बारावी होऊन आणि टेलिफोन ऑपरेटरचा कोर्स करून बाहेर पडले. एक्क्याण्णव साली नगरजवळ नागापूरच्या एमआयडीसीत, पंपाचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात त्यांना नोकरी लागली.

फोनच्या कामात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. दीडशे एक्स्टेंशन नंबर तोंडपाठ, आणि आवाज एकदा ऐकला की माणूस कायमचा ओळखीचा. त्र्याण्णव साली कारखान्यात कॉम्प्युटर आले तेव्हा निरोप नोंदवायला एक त्यांच्या खोलीतही आला. मुंबईच्या एका संस्थेनं त्याला जोडायला बोलणारी पेटी पाठवली. वीटभर आकाराची पेटी, तिच्यात पडदा वाचणारा इंग्रजी आवाज. कॉम्प्युटर तेव्हा डॉसवर चालायचे. डॉसमध्ये चित्रं नसत, नुसती अक्षरं. जे पडद्यावर असेल ते पेटी वाचून दाखवी. काकासाहेबांना आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या तोंडाकडे न बघता कागद वाचता आला, असं ते स्वतःच म्हणत, आणि "बघता" म्हटल्यावर स्वतःच हसत.

शहाण्णवला मोडेम आला. नगरला तेव्हा इंटरनेटचा नंबर नव्हता, पुण्याला एसटीडी लावावा लागे. मॅनेजर भला माणूस होता; रविवारी कारखाना बंद असतो तेव्हा लाइन वापरा म्हणाला. सहादेव वॉचमन कुलूप काढून देई, आणि काकासाहेब एका साध्या, फक्त मजकूर दाखवणाऱ्या ब्राउझरवर वर्तमानपत्रं वाचत, क्रिकेटचे स्कोअर वाचत, आणि जगभरच्या डॉस वापरणाऱ्या अंध लोकांची एक ईमेल यादी होती, तिच्यावर गप्पा मारत.

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात कारखान्यात सगळीकडे विंडोज आलं. चित्रांची बटणं, माऊस. पेटीला त्यातलं काही वाचता येईना. कॉम्प्युटर विभागातले प्रशांत पाठारे काकासाहेबांच्या खोलीत आले.

"काकासाहेब, तुमचंही मशीन बदलायचंय. ऑर्डर आहे."

"बदला. पण मग निरोप कोण लिहून घेणार?"

पाठाऱ्यांनी पेटीकडे एकदा बघितलं. मग म्हणाले, "मशीन राहू द्या. मॉनिटर मात्र नेतो. स्टोअरला कमी पडतोय, आणि तुम्हाला त्याचा उपयोग नाही."

ते खरंच होतं. मॉनिटर गेला, टेबलावर जागा झाली, आणि काकासाहेबांनी तिथे पाण्याचा तांब्या ठेवला.

त्याच सुमारास ईमेल यादीवर एक पत्र आलं. तो ब्राउझर ज्या मूळ प्रोग्रॅमवरून बनत असे, त्याचा कोड खुला होता. त्याची मंडळी दर दोनतीन महिन्यांनी नवी आवृत्ती काढत, पण ती मोठ्या मशीनसाठी. तिच्यात डॉससाठी फेरफार करून, कंपाइल करून चालती फाइल बनवायचं काम परदेशातले एक गृहस्थ फुकट करत. त्यांनी लिहिलं होतं: मी आता डॉस सोडलं, हे काम कोणी घेईल का? वेबवरची पानं रोज नव्या पद्धतीनं लिहिली जात होती. जुना ब्राउझर अशा पानांवर मधेच अडकून पडे. काम कोणी घेतलं नसतं, तर वर्षभरात यादीवरच्या साऱ्यांसाठी एकेक दार बंद झालं असतं.

आठवडाभर कोणीच हो म्हटलं नाही. आठव्या दिवशी काकासाहेबांनी लिहिलं: मी घेतो, पण मला सी ही कोडची भाषा येत नाही, सहा महिने द्या.

सीचं पुस्तक ब्रेलमध्ये कुठून मिळणार? यशोधरा भिंगारदिवे पूर्वी याच कारखान्यात टायपिस्ट होत्या आणि आता नगरच्या एका पॉलिटेक्निकमध्ये लॅब असिस्टंट. त्यांनी लायब्ररीतून पुस्तक काढलं आणि रोज घरी स्वयंपाक आटोपला की तासभर कॅसेटवर वाचून ठेवलं. त्यांनाही सी येत नव्हती. त्या जे दिसेल ते वाचत. "महिरपी कंस सुरू. प्रिंटएफ. साधा कंस. अवतरण चिन्ह." प्रत्येक ओळीच्या शेवटी "अर्धविराम", तोही अशा ठसक्यात की काकासाहेबांना पुढे कोड लिहितानाही तो ऐकू येई. एकवीस कॅसेट भरल्या. कधी मागून कुकरची शिट्टी, कधी धाकट्या सृष्टीचं रडणं, आणि लगेच यशोधराबाईंचं "थांबा हं काकासाहेब, आले."

अठ्ठ्याण्णवच्या मार्चमध्ये पहिली फाइल तयार झाली. रविवारी सकाळी नवा कोड उतरवायचा, चारपाच ठिकाणी बदलायचा, आणि कंपाइल लावून द्यायचं. त्या जुन्या मशीनला त्याला पाच तास लागत. मधे वीज गेली की पहिल्यापासून. काकासाहेब हार्ड डिस्कच्या आवाजावरून ओळखत की गाडी कुठवर आली. मग ठरलेली वीस पानं उघडून ऐकायची, सगळी नीट वाचली गेली तर फाइल कॅनडातल्या एकानं दिलेल्या इंटरनेटवरच्या जागेवर चढवायची, आणि यादीवर चार ओळी लिहायच्या. पोर्तुगालमधला एक पियानो जुळवणारा अंध माणूस दर वेळी आभार मानी. दोनशेच्या आसपास लोक वापरत होते. हे सगळं नागापूरच्या फोनच्या खोलीतून चालतं, हे कारखान्यात फार तर तिघांना ठाऊक होतं.

काकासाहेबांना एका गोष्टीचा मनातून अभिमान होता. या कामात डोळस माणसाची कुठेच गरज लागत नव्हती. कॅसेट संपल्यावर त्यांनी कोणालाही काही विचारलं नव्हतं.

सप्टेंबरात त्यांनी एक सुधारणा केली. आपण कोणत्या लिंकवर उभे आहोत, हे पेटीचा प्रोग्रॅम त्या शब्दाच्या वेगळ्या रंगावरून ओळखे. पण मथळे, ठळक अक्षरं, सगळ्यांनाच वेगवेगळे रंग होते, त्यामुळे पेटी गोंधळून भलतंच वाची. काकासाहेबांनी ती एक लिंक सोडून बाकी साऱ्या मजकुराला एकच रंग देऊन टाकला. रंगाच्या जागी आकडा लिहायचा असतो. त्यांनी शून्य लिहिलं. शून्य म्हणजे कुठलाच रंग नाही, असा त्यांचा हिशेब. पेटी सुतासारखी सरळ झाली. यादीवर कौतुक झालं.

नव्व्याण्णवच्या जानेवारीत यशोधराबाईंचा फोन आला.

"काकासाहेब, आमच्या कॉलेजला इंटरनेट मिळतंय, पण लॅबमधली मशीनं सगळी तुमच्यासारखी जुनी. विंडोज चढत नाही. मी प्राचार्यांना तुमच्या ब्राउझरचं सांगितलं. येऊन दाखवाल?"

काकासाहेबांनी नवा शर्ट घातला. पिशवीत पेटी घेतली, फ्लॉपीवर ब्राउझर आणि ती वीस पानं घेतली. लॅबमध्ये तीसेक माणसं होती. खुर्च्यांच्या आवाजावरून त्यांना अंदाज आला. पेटी जोडली, ब्राउझर सुरू केला, पहिलं पान उघडलं. पेटी वाचू लागली. ते एकेका लिंकवरून पुढे जात समजावून सांगू लागले. खोली एकदम शांत झाली. लोक गुंग झालेत, असं त्यांना वाटलं आणि आवाज चढला.

दहा मिनिटांनी प्राचार्य खाकरले. "कुऱ्हे, आवाज येतोय. पण स्क्रीनवर काही दिसत नाही."

"मॉनिटरची वायर सैल असेल सर. बघता का कोणी?"

कोणीतरी उठून बघितलं. "वायर घट्ट आहे."

यशोधराबाई जवळ येऊन खाली वाकल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "काकासाहेब, एकच शब्द दिसतोय. तुम्ही बटण दाबलं की तो जातो आणि दुसरीकडे दुसरा येतो. बाकी सगळं काळं आहे."

काकासाहेबांचा हात कीबोर्डवरच राहिला. शून्य. शून्याला रंग होता, काळा. काळ्या पडद्यावर काळी अक्षरं. पेटीला त्यानं फरक पडत नव्हता, ती फक्त लिंकचा रंग वेगळा आहे की नाही एवढंच बघे.

"हे असं कधीपासून आहे?" कोण्या लेक्चररनं विचारलं.

"सप्टेंबरपासून," काकासाहेब म्हणाले. खोटं सांगणं त्यांना सुचलंही नाही.

"म्हणजे चार महिने हे जगभर असंच चाललंय? आणि कोणालाच कळलं नाही?"

मागच्या रांगेत हसू फुटलं आणि पुढे सरकत आलं. त्यात वाईट भाव नसावा, पण काकासाहेबांचे कान तापले. त्यांनी पेटीच्या वायरी गुंडाळल्या. एक खाली पडली, ती चाचपून उचलेपर्यंत सगळे गप्प झाले, आणि ते गप्प होणं हसण्यापेक्षा जास्त लागलं.

यशोधराबाई त्यांच्याबरोबर रिक्षात बसल्या. रिक्षा पत्रकार चौकाशी आली.

"माझंच चुकलं," त्या म्हणाल्या. "आधी एकदा लावून बघायला हवं होतं."

"तुमचं नाही ताई. मला कळायला पाहिजे होतं."

"तुम्हाला कसं कळणार?"

"विचारून," काकासाहेब म्हणाले. "कोणालाही विचारलं असतं तर कळलं असतं. मी विचारायचंच सोडलं होतं."

पुढच्या रविवारी त्यांनी शून्याच्या जागी सात लिहिलं आणि कंपाइल लावलं. पाठाऱ्यांकडून एक मॉनिटर मागून घेतला. तांब्या खाली गेला. दुपारी यशोधराबाई सृष्टीला घेऊन आल्या.

"दिसतंय?"

"दिसतंय. करडं आहे."

"करडं म्हणजे कसं?"

यशोधराबाई म्हणाल्या, "वाचता येईल असं."

काकासाहेबांनी यादीवर जसं घडलं तसं लिहून टाकलं. चार महिने मी तुम्हाला डोळस माणसाला न दिसणारा ब्राउझर देत होतो, माफ करा, दुरुस्त फाइल ठेवली आहे. दोन दिवसांत चाळीस उत्तरं आली. एकानं लिहिलं, माझी बायको ऑक्टोबरपासून म्हणतेय की मॉनिटर बिघडला, आम्ही भंगारात दिला. ऑस्ट्रेलियातल्या एका बाईंचं पत्र होतं की ऑफिसात मी बंद कॉम्प्युटरसमोर बसून काम करते अशी ख्याती झाली होती. पियानोवाल्यानं विनंती केली होती: कृपा करून दुरुस्त करू नका, माझा मुलगा मागे उभा राहून माझी पत्रं वाचतो. काकासाहेब फोनच्या खोलीत एकटेच इतके हसले की सहादेव धावत आला.

"काय झालं साहेब?"

"काही नाही सहादेव. लोक बरे आहेत."

प्राचार्यांनी पुन्हा बोलावलं नाही. यशोधराबाईंनी मात्र स्वतःच्या जबाबदारीवर अकरा मशीनवर दुरुस्त ब्राउझर चढवला, आणि नवी मशीनं येईपर्यंत पोरं त्यावरच शिकली. जुनी भंगारात निघाली तेव्हा त्यातलं एक बऱ्यापैकी मशीन रीतसर अर्ज करून काकासाहेबांनी घेतलं. त्यावर कंपाइल दीड तासात होई. आता प्रत्येक फाइल चढवण्याआधी यशोधराबाई पाच मिनिटं डोळ्यांखालून घालत. त्यांनी तीन चुका पकडल्या. एकदा त्या म्हणाल्या की सगळं ठीक आहे, फक्त मथळे फार भडक आहेत. त्यावर दोघांचा अर्धा तास वाद झाला.

त्या वर्षी दिवाळीआधी मूळ ब्राउझरच्या मंडळींचं पत्र आलं. काकासाहेबांचे डॉससाठीचे सगळे फेरफार त्यांनी आपल्या कोडमध्येच घेतले होते. म्हणजे दर वेळी हातानं बदल करायचे कष्ट संपले. कोड उतरवला, कंपाइल केला, की झालं. सुट्टीला काकासाहेब बेलापूरला गेले तेव्हा ही बातमी त्यांनी आईला सांगितली. भागिरथीबाई चुलीजवळ बसून शेंगा निवडत होत्या.

"म्हंजी तू नेमकं करतो काय रं काका?"

"जुनी मशीनं हायेत ना आई, त्यांना नवी पानं वाचता येत न्हाईत. ती येतील असं करतो."

"मग लोक नवी मशीनं का घेत न्हाईत?"

"नवी बोलत न्हाईत आमच्याशी. काही बोलाया लागलीत म्हणं, पण लई थोडी."

"अन हे समदे तुझ्यासारखेच? किती हायेत?"

"दोनशे तरी असतील."

भागिरथीबाईंचे हात थांबले. शेंगांचा आवाज बंद झाला तसं काकासाहेबांनी तोंड त्यांच्याकडे वळवलं.

"त्यांच्या घरी कुनी असंल ना, बघून सांगनारं?"

"कुनाकडं असंल. कुनाकडं न्हाई."

"मंग सोडू नको," त्या म्हणाल्या, आणि शेंगांचं सूप त्यांच्या मांडीवर सरकवलं. "निवड आता. किडकी शेंग हाताला लागतीया तुला."

काकासाहेब निवडू लागले. सोमवारी पहाटेच्या एसटीनं ते नागापूरला परतले. डिसेंबरात नवी आवृत्ती आली, ती त्यांनी एका सकाळीत कंपाइल करून यादीवर ठेवली.