मैदानाकडं पाठ करून बसलेली रूथ

माझ्या डब्यातला पहिला घास रूथचा असायचा. आठवीपासून दहावीपर्यंत, रोज. भाजी ठीक वाटली तर डबा माझ्याकडं सरकवायची, नाहीतर सरळ स्वतःच संपवायची. भरलं वांगं तिला हमखास संशयास्पद वाटे.

शिरूरच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. रूथची आई नर्स, त्यामुळे त्यांच्या घरी जेवतानाही आजारांच्याच गप्पा. लहानपणी मला दमा होता हे कळल्यापासून तिनं मला जणू दत्तकच घेतलं. रस्ता ओलांडताना माझं दप्तर मागून धरून ठेवायची. कुणी मला काही विचारलं, की "तू गप, मी सांगते," म्हणून उत्तरही तीच द्यायची. मला राग यायचा आणि बरंही वाटायचं. आता ती पुण्यात नर्स आहे. तिच्या वॉर्डातले पेशंट औषधापेक्षा तिच्या धाकानंच बरे होत असावेत.

नववीत कबड्डीच्या संघात माझं नाव आलं. मी हवेत! दुसऱ्याच दिवशी सरांनी ते काढलं. रूथ परस्पर त्यांना सांगून आली होती, "सर, एका दमात कबड्डी-कबड्डी म्हणायचं म्हंजी हिचा दमा उसळायचा. ही काय सांगायची न्हाई, म्हणून मी सांगते."

दमा कधीच गेला होता. डॉक्टरांनी खेळायला परवानगी दिली होती, आणि हे तिलाही ठाऊक होतं. मी रडून डोळे सुजवले आणि मग शाळेच्या नळापाशी तिला गाठलं.

"मला मैत्रीण पायजे रूथ, नर्स न्हाई."

"आन् तुला काय झालं म्हंजी?"

"झालं तर माझं मी बघंन. तू मॅच बघायला ये, पण मैदानात पाय टाकायचा न्हाई."

ती तोंड फुगवून निघून गेली. पण शाळा सुटायच्या आत सरांना जाऊन म्हणाली, "चुकलं माझं सर. घ्या तिला."

सामना खुटबाव गावी होता. रूथ आली आणि चक्क मैदानाकडं पाठ करून बसली. सगळं गाव खेळ बघतंय आणि ही बाई समोरचा ऊस! शेजारच्या मावशींना सारखं विचारायची, "उठली का ती? दम लागलाय का?"

मावशी वैतागल्या. "अगं पोरी, मान वळीव की जरा!"

"न्हाई मावशी. बघितलं तर धावंन मी."

शेवटच्या चढाईत तिघींनी मला धरून आपटलं. गुडघा सोलवटला आणि आम्ही हरलो. लंगडत बाहेर आले तर रूथ तशीच, दोन्ही हातांनी बाकडं घट्ट धरून बसलेली. डोळे मिटलेले, गाल ओले. मला तिची इतकी माया आली, की हरल्याचं दुःख पार विसरले.

मी समोर जाऊन उभी राहिले. तिनं डोळे उघडले. गुडघ्यावरचं रक्त दिसताच तिचा हात पुढं आला, आणि मध्येच थांबला.

"बघू का?" तिनं विचारलं.