टीपबाईचा लाँगबोर्ड

बस बंद झाली तेव्हा टीपबाईने आधी बसवाल्यांचा यथेच्छ उद्धार केला आणि मग नदीकाठच्या रस्त्याची लांबी शोधून काढली. सोळा किलोमीटर. त्या रस्त्याच्या पलीकडच्या टोकाला तिची थोरली बहीण राहत होती. गेली वीस वर्षं दर बुधवारी टीपबाई दुकानाला कुलूप लावून तिच्याकडे जायची, मुक्काम करून गुरुवारी परतायची. बहिणीची नजर आता अधू झाली होती, ती उंबऱ्याबाहेर पडत नव्हती. म्हणजे जायचं ते हिनेच.

मुलगा फोनवर सांगे, "आई, या रविवारी नक्की नेतो तुला." आणि रविवार उजाडला की त्याचं काहीतरी निघे. कधी गाडी गॅरेजमध्ये, कधी घरी पाहुणे, कधी नुसतंच डोकं दुखतंय. असे तीन महिने गेले. मग एकदा बहीण फोनवर म्हणाली, "राहू दे गं. फोनवर बोलतो आपण, तेवढं पुरे." ते 'पुरे' टीपबाईच्या काळजात घुसलं. तिला रडू आलं आणि रडू आल्याचा रागही आला.

चाळीस वर्षं पायमशीनवर टिपा मारल्या म्हणून गल्लीने तिला टीपबाई केलं होतं. खरं नाव वीजबिलावर होतं तेवढंच. वय एकसष्ट. नात सुट्टीत आली तेव्हा तिचा छोटा स्केटबोर्ड विसरून गेली होती. टीपबाईने तो पलंगाखालून ओढून काढला आणि कापड बेतायच्या टेबलाला धरून त्यावर उभी राहिली. पंधरा दिवसांत टेबल सुटलं, महिन्याभरात ती गल्लीत उतरली. गल्लीने हसून घेतलं.

"साठी बुद्धी नाठी," समोरचा न्हावी म्हणाला.

"तुझी तर चाळिशीतच गेली," टीपबाई म्हणाली आणि पुढे सरकली.

सायकल का नाही, असं जो तो विचारी. सायकलवर दहा मिनिटं बसलं की तिची कंबर धरायची; उभं राहिलं की काही नाही. "चाळीस वर्षं बसून काढली. आता उभी राहते," असं ती सांगायची. पटलं तर पटलं, नाही तर राहिलं.

पण नातीच्या बोर्डाची चाकं बारकी आणि कडक. एक खडा आला की दातात दात आपटायचे. त्यावर सोळा किलोमीटर म्हणजे कवळीची तयारी. तिला लांबचा पल्ला मारणारा लाँगबोर्ड हवा होता. ती गावातल्या एकुलत्या एका दुकानात गेली.

दुकानदाराने तिला पाहून एक रुंद, उंच, जाडजूड बोर्ड काढला. "काकू, तुमच्या वयाला हाच. अगदी सेफ."

"माझं वय तू बघू नकोस, माझा गुडघा मी बघते," म्हणत तिने गळ्यातली टेप काढली आणि जमिनीपासून फळीपर्यंतचं अंतर मोजलं. पाच इंच. मग शेजारी टांगलेला बोर्ड खाली घ्यायला लावला. त्याची फळी चाकांच्या मधे खाली उतरलेली होती. साडेतीन इंच.

"दीड इंचाने काय फरक पडतो, काकू?"

"स्टूल दीड इंच उंच झालं की संध्याकाळी पायाची काय दशा होते, ते शिंप्याला विचार. एक पाय फळीवर, दुसऱ्याने जमीन लोटायची. फळी जेवढी उंच, तेवढा फळीवरचा गुडघा वाकणार. सोळा किलोमीटरमध्ये असं किती वेळा?"

दुकानदाराने तो बोर्ड तिच्यापुढे सरकवला. ज्याचं जळतं त्याला कळतं. "बरं, दारासमोर एक चक्कर मारून बघा," तो म्हणाला.

"पाच मिनिटांत जावईसुद्धा चांगला वाटतो." तिने पिशवीतून कात्री काढून काउंटरवर ठेवली. ही कात्री तिने सख्ख्या सुनेच्याही हाती कधी दिली नव्हती. "ही तारण ठेव तुझ्याकडे. एकेक बोर्ड तासभर चालवून बघते."

आधी तिने मुद्दाम तो उंच बोर्डच नेला, म्हणजे नंतर कुणी तोंड वर करायला नको. अर्ध्या तासात डावा गुडघा बोलू लागला. मग एक लवचीक नेला. तो खाटेसारखा लवायचा. पायाने दिलेला जोर फळीच गिळून टाकायची. शेवटी तो खाली उतरलेला. मोठी, मऊ चाकं खडे पोटात घालत होती, फळी लवायची पण जेमतेम. तास संपला तरी गुडघा गप्प होता. टीपबाई एकटीच मोठ्याने हसली, आणि तेवढ्यात समोर कुत्रं आलं.

पायमशीन थांबवायचं तर टाच दाबायची. चाळीस वर्षांच्या पायाने तेच केलं. टाच दाबताच बोर्ड त्या बाजूला वळला आणि टीपबाई कुंपणाच्या झुडपात. कुत्र्याने थोडा वेळ पाहिलं आणि ते निघून गेलं.

कोपर सोललं. बातमी तिच्याआधी मुलाकडे पोचली. रविवारी न येणारा मुलगा सोमवारी हजर.

"आई, ते फळकुट घ्यायचं नाही, नाहीतर..."

"नाहीतर काय?"

टीपबाईने कोपराला मलम लावलं आणि दुसऱ्या दिवशी पैसे मोजून तोच बोर्ड घरी आणला. मग आठवडाभर रोज सकाळी एकच धडा: थांबायचं तर टाच विसरायची, मागचा पाय खाली सोडायचा आणि तळवा रस्त्यावर हलकेच घासायचा. बुटाचा एक तळ त्यात गेला.

बुधवारी ती सकाळी सातला निघाली. दर दोन किलोमीटरला पाय बदलला. सातव्या किलोमीटरला पोटऱ्या पेटल्या, अकराव्याला ती कठड्यावर टेकली आणि मनात आलं, न्हाव्याचं म्हणणं खरं तर नसेल? मग तिने न्हाव्याला मनातच एक शिवी दिली आणि उठली.

सव्वादहाला तिने दार वाजवलं. बहिणीने उघडलं, डोळे बारीक केले, चेहरा काही दिसेना. मग हात पुढे करून तिने हिचे घामाने थबथबलेले गाल चाचपले. "अगं, तू! कुणी आणलं तुला?"

"कुणी नाही, ताई. माझी मी आले."

दोघी बराच वेळ दारातच उभ्या होत्या.

साडेअकराला मुलाचा फोन आला. आवाज चढलेला. "आई, जागची हलू नकोस. आत्ता गाडी काढतो, तासाभरात न्यायला येतो."

"म्हणजे बुधवारीही गाडी निघते तर," टीपबाई म्हणाली. "ये. पण मला न्यायला येऊ नकोस, मी उद्या माझी परत येईन. मावशीला भेटायला ये. तीन महिने ती दर रविवारी आपल्या दोघांसाठी दोन पानं जास्तीची मांडत होती, हे मला आत्ता कळलं."

मग मुलाने हळूच विचारलं, "मावशी आहे का जवळ?"

टीपबाईने फोन बहिणीच्या हातात दिला.