एकटीची हरकत

शालिनीताई गेल्याचं त्यांच्या भाचीनं मला सकाळी फोन करून सांगितलं. "काका, मावशी पहाटे गेली. झोपेतच." मी "बरं" म्हणालो. असल्या वेळी माणूस काहीही बोलतो. दुपारपर्यंत आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या ग्रुपवर जोडलेल्या हातांची रांग लागली आणि कुणीतरी लिहिलं, 'आपल्या सर्वांच्या लाडक्या ताई'. लाडक्या! ज्या बाईशी अर्धी सोसायटी चार वर्षं बोलत नव्हती, ती गेल्यावर काही तासांत लाडकी झाली. ताईंनी हे वाचलं असतं तर चष्मा पुसत एवढंच म्हणाल्या असत्या, "आधी कळवायचं होतंत."

याला आता महिना होत आला. राग मात्र उतरलेला नाही, आणि त्यातला बराचसा माझा माझ्यावरच आहे.

ताई नगररचना खात्यात आरेखक होत्या. शहराचे नकाशे हातानं काढायच्या त्या काळापासूनची नोकरी. लग्न केलं नाही, निवृत्तीनंतर तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहत. मी खालच्या मजल्यावर. शाळेतून निवृत्त झालो तेव्हा लोकांनी मला सोसायटीचा सचिव केलं, आणि त्याच वर्षी शेजारच्या बंद कारखान्याच्या जागेवर दोन टॉवर उभे राहणार असल्याची बातमी आली. एवढ्या मोठ्या जागेवर बांधायचं तर काही घरं लहान, कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी ठेवावी लागतात, असा नियम आहे. बिल्डरला ती तिथं नको होती. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, सोलापूर रस्त्याच्या बाजूला बांधून देतो, असा त्याचा अर्ज होता, आणि शेजारी म्हणून आमच्या सोसायटीचं ना हरकत पत्र त्याला हवं होतं.

सभेत सगळे खूश होते. रस्त्यावर गर्दी वाढेल, पाणी पुरणार नाही, 'तसले' लोक येतील... मी ठराव वाचला, हात वर झाले. तेवढ्यात ताई उठल्या. "माझी हरकत आहे. लिहून घ्या."

"ताई, कारण?"

"तुमच्या घरी पोळ्या करणाऱ्या मंगलबाई सकाळी दोन बस बदलून येतात. त्यांना तुम्ही अजून लांब पाठवताय. आणि दुसरं कारण तुमच्याच कपाटात आहे. आपापली जुनी कागदपत्रं काढून वाचा."

कुणी वाचली नाहीत. उलट आम्ही त्यांना एकटं पाडलं. हळदीकुंकवाची बोलावणी थांबली, जिन्यात लोक नजर चुकवू लागले. आणि मी, सचिव म्हणून, सोसायटीच्या कागदावर महापालिकेला लिहून दिलं की श्रीमती शालिनीताईंचं मत वैयक्तिक असून वयोमानामुळे त्यांना परिस्थितीचं आकलन होत नाही. 'वयोमानामुळे' हा शब्द माझा. मुलांना तीस वर्षं मराठी शिकवलेल्या माणसाचा.

ताईंच्या हरकतीवरची सुनावणी जवळ आली तशी ती कपाटाची गोष्ट मला टोचू लागली. एका दुपारी वडिलांची फाईल काढली. घराच्या वाटपाचं पत्र पिवळं पडलं होतं. त्यात स्वच्छ लिहिलेलं, की कमाल जमीन धारणा कायद्यातून सूट घेऊन दुर्बल घटकांसाठी बांधलेल्या योजनेतली ही सदनिका आहे. खाली वडिलांची सही. आमची अख्खी सोसायटी तशीच उभी राहिली होती. पुढं कुणी दोन घरं एकत्र केली, कुणी गाडी घेतली, आणि आम्ही कोण म्हणून इथं आलो ते सोयीनं विसरलो.

पत्र घेऊन मी तिसऱ्या मजल्यावर गेलो. ताईंनी दार उघडलं, पत्राकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "या इमारतीचा नकाशा मीच काढला होता. तेव्हाही शेजारच्या बंगलेवाल्यांनी हरकत घेतली होती. तुमच्याविरुद्ध."

माझे डोळे भरून आले. ताई म्हणाल्या, "बसा, पाणी प्या. सुनावणी उद्या अकराला आहे. यायचं की इथंच बसून रडायचं, ते तुम्ही ठरवा."

मी गेलो. अधिकारी सभ्य गृहस्थ होते. म्हणाले, "ताई, सगळ्या सोसायटीची संमती आहे. हरकत तुमच्या एकटीची आहे."

"एकटीची आहे म्हणून आपण ती वाचून तरी घ्याल," ताई म्हणाल्या, "आणि आता एकटीची राहिलेली नाही." त्यांनी माझ्याकडं बोट केलं. मी वडिलांचं पत्र टेबलावर ठेवलं आणि सचिवपदाचा राजीनामा त्याच संध्याकाळी दिला.

लहान घरं तिथंच बांधायची, असा निर्णय झाला. पुढं सोडत निघाली आणि मंगलबाईंचं नाव लागलं. वाशिमहून नवऱ्यामागं पुण्यात आलेल्या त्या बाई किल्ली घेऊन आधी ताईंच्या दारात गेल्या. ताईंनी पेढा अर्धा खाल्ला आणि विचारलं, "पाणी येतं ना वरपर्यंत? नसेल येत तर सांगा."

पाणी येत होतं, पण बिल्डरनं रात्रीतून नव्हे, चांगलं दिवसाउजेडी, टॉवर आणि लहान घरं यांच्यामध्ये भिंत बांधली. समोरचा रस्ता टॉवरवाल्यांना, मागची नाल्याकडची गल्ली या लोकांना. मंजूर नकाशात भिंत नव्हती. ताईंनी पुन्हा अर्ज लिहिला. पायऱ्या उतरताना गुडघे धरत, पण प्रत्येक तारखेला गेल्या. गेल्या तारखेला रिक्षात मला म्हणाल्या, "नकाशात नाही ती रेघ आपण मान्य करायची नाही. बस."

सोसायटीनं शोकसभा घेतली. मी गेलो नाही. त्याच आठवड्यात भिंतीची तारीख होती, तिथं गेलो. मंगलबाईही कामावर सुट्टी टाकून आल्या होत्या. आमचा पुकारा झाला. समोरच्या तरुण अधिकाऱ्यानं कागद चाळले. "अर्जदार शालिनीताई?"

"त्यांचं निधन झालं," मी म्हणालो.

"अरेरे..." तो खरंच ओशाळला. मग हळूच म्हणाला, "मग अर्जदारच नाहीत, तर प्रकरण बंद करायचं का?"

मंगलबाई खुर्ची मागं सारून उभ्या राहिल्या.

"ताई गेल्या, साहेब. भिंत तं अजून तिथंच हाये. माहं नाव लिवा."

त्यानं पेन उचललं आणि लिहिलं. खाली मी माझं लिहायला सांगितलं.