ऑप्सियस कवी वारल्याची बातमी

न्युमेरियस ऑप्सियस कवी आहे हे अख्ख्या रोममध्ये दोघांना माहीत होतं. एक तो स्वतः, आणि दुसरी त्याची बायको टर्टुला, जिला ते विसरायची सोय नव्हती.

कार्थेजच्या आरमारी युद्धावर त्यानं नऊ हजार ओळींचं महाकाव्य लिहिलं होतं. समुद्र त्यानं आयुष्यात एकदाच पाहिला होता, तोही नावेच्या काठावर ओणवा होऊन, उलट्या करत. "लाटा मी तुझ्या धुण्याच्या टोपाकडे बघून लिहिल्या," तो टर्टुलाला सांगायचा. "म्हणूनच वाचताना कुणी भिजत नाही."

पन्नाशीला आल्यावर त्यानं एका ओळखीच्या माणसाचं दालन मागून घेतलं आणि जाहीर वाचन ठेवलं. चाळीस माणसं आली. तिसरं जहाज बुडेपर्यंत त्यातली बारा उरली, आणि युद्ध जिंकलं तेव्हा समोर एकच म्हातारा होता. ऑप्सियसनं भारावून त्याचे हात धरले.

"शेवटपर्यंत ऐकलंत. उपकार झाले."

"जरा मोठ्यानं बोला," म्हातारा कानामागं हात धरून म्हणाला. "मी भाड्याची बाकं परत न्यायला आलोय. आटपलं का तुमचं?"

हा किस्सा ऑप्सियस पुढं स्वतःच रंगवून सांगू लागला. दुसऱ्यानं सांगितला तर जास्त लागतो, हे त्याला लवकर कळलं होतं.

पोटासाठी त्यानं निकेफोर पाथरवटाकडे काम धरलं. निकेफोर मूळचा ग्रीक, एकेकाळी गुलाम. मालकानं मोकळं केल्यावर त्यानं वेशीबाहेर थडग्यांच्या शिळा कोरायचं दुकान टाकलं होतं. मेलेल्या माणसाबद्दल चार ओळी जुळवून देणारा त्याला हवा होता.

"चारच?" ऑप्सियस म्हणाला. "चार ओळींत माझा नुसता नमस्कार मावत नाही."

"मग नमस्कार गाळा, कविराज. तुम्ही शाईनं लिहिता, मी छिन्नीनं. तुमच्या एकेका विशेषणापायी माझा खांदा धरतो."

पहिलं मोठं काम हेल्वियाबाईंचं आलं. त्यांचा नवरा तेत्तियस, पावाच्या भट्टीचा मालक, नुकताच वारला होता. ऑप्सियसनं चार ओळी म्हणून दाखवल्या. त्यांत तेत्तियसनं काळाला जिंकलं होतं आणि आता तो ताऱ्यांमध्ये बसला होता.

बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "छान आहे. कुणाचं आहे हे?"

"तुमच्या मालकांचं."

"त्यांनी कुणाला जिंकलंबिंकलं नाही हो. त्यांना पिठानं शिंका यायच्या. जन्मभर भट्टी चालवली आणि जन्मभर शिंकले."

"आणखी काही?"

बाई पदराशी चाळा करू लागल्या. "रोजचा पहिला पाव फुंकून गार करायचे आणि मला द्यायचे. एखादा जळका निघाला तर तो स्वतः खायचे. एकतीस वर्षं. पण असलं कुणी दगडावर लिहितं का?"

ऑप्सियस उठला. घरी जाऊन तो चार दिवस त्यावर बसला. नऊ हजार ओळींना जितका घाम गाळला नव्हता तितका त्या चार दिवसांत गेला. "एवढंसं लिहायला एवढा वेळ?" टर्टुलानं विचारलं. "लांबलचक लिहायला फारशी अक्कल लागत नाही गं," तो म्हणाला. "पुरावा वर माळ्यावर आहे."

शेवटी शिळेवर तीनच ओळी कोरल्या गेल्या:

वाटसरू, इथे तेत्तियस भट्टीवाला आहे.
पहिला पाव फुंकून बायकोला दिला, जळका स्वतः खाल्ला.
तुझ्या घरी कुणी असेल तर लवकर जा.

हेल्वियाबाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी अक्षरांवरून बोट फिरवलं आणि त्याच्याकडून तीनदा म्हणून घेतलं.

इथंच थांबला असता तर तो ऑप्सियस कसला? त्यानं निकेफोरच्या मागं लागून शिळेच्या तळाशी स्वतःचं नाव कोरून घेतलं: न्युमेरियस ऑप्सियस, कवी. अक्षरं वरच्याइतकीच मोठी.

महिनाभरानं तो दाढी करायला बसला असताना न्हावी सहज म्हणाला, "तो कवी गेला म्हणे. ऑप्सियस."

"हो? कशानं?" वस्तऱ्याखालूनच ऑप्सियसनं विचारलं.

"वाचता वाचता गेला. ऐकणारे त्याच्या आधीच गेले होते. बरा होता बिचारा, लांबण लावायचा एवढंच."

तो तडक तेत्तियसच्या थडग्याकडे गेला. त्याच्या नावासमोर कुणीतरी जांभळी फुलं वाहिली होती. तेवढ्यात एक खेचरवाला थांबला, त्यानं अडखळत ओळी वाचल्या आणि तो जनावराचं तोंड शहराकडे वळवू लागला.

"हे मी लिहिलंय," ऑप्सियसला राहवलं नाही.

"थापा मारू नका, आजोबा. लिहिणारा मेलाय. खाली नाव आहे."

ऑप्सियसनं शिळेकडे पाहिलं. "खरंय," तो म्हणाला. "चुकलो."

आपलं नाव तासून टाकायला तो निकेफोरला घेऊन गेला, तेव्हा हेल्वियाबाई तिथं दिवा लावत होत्या. त्यांनी छिन्नीवर हात ठेवला. "राहू द्या. एकटेच असतात ते. बोलायला कुणीतरी हवं."

"माझ्याशी बोलण्यापेक्षा ते शिंकत बसतील, बाई."

त्या हसल्या. नवरा गेल्यापासून पहिल्यांदाच, असं निकेफोर नंतर म्हणाला.

ऑप्सियस त्यानंतर एकोणीस वर्षं जगला. दोनशेवर शिळा त्यानं लिहिल्या, एकीवरही नाव टाकलं नाही. कुणी दुकानात येऊन रडायला लागलं की तो स्टूल पुढं सरकवायचा आणि आधी विचारायचा, "त्यांना खायला काय आवडायचं?"