गुपचूप रांगेले पयले

पोरगी निळी पडून राह्यली होती अन् शाळेच्या वरांड्यात कोणाचाच आवाज नाही. हातातली पळी पडली, मी पळाली. माहीच पोरगी, पयलीतली! तिले पालथी घेतली, पाठीत बुक्क्या मारल्या, किती मारल्या काय माईत. मंग घशातून हरभऱ्याचा दाणा उडाला अन् ते रडली. ते रडली तवा मले श्वास आला.

त्या शाळेत खिचडी शिजवते मी. आठवीतून शाळा सुटेल बाई, दुसरं काम कोण देईन? जेवताना लेकरं लई कालवा करत, ताटं बडवत. मोठे सर म्हणत, "काकू, हा बाजार आवरा, नाही तं दुसरी बाई पाहतो." मी भेली. मंग मीच कायदा काढला. जे रांग गुपचूप, तिले पयले वाढीन, उसळ बी तिलेच दुसऱ्यांदा. एक जरी बोललं तं सारी रांग मांगं. मांगच्या रांगेले नुसता रस्सा उरे. चार दिवसात सारे चिडीचूप. सर खूश.

त्या दिवशी माह्या पोरीच्या बाजूले आमच्याच गल्लीतली एक पोरगी बसेल होती. तिनं सारं पाह्यलं होतं. मी तिच्या गालात एक ठेवून देली. "काऊन बोलली नाही वं? मरत होती ना ते!"

ते मुसमुसत म्हणे, "काकू, मी बोलली असती तं आमची रांग मांगं गेली असती."

मी खाली पडेल पळी उचलली.

संध्याकाळी त्या पोरीच्या घरी गेली. तिच्या गालावर बोटं उठेल दिसत होते. तिच्या मायनं चहा ठेवला. "मारलं तं बरं केलं बाई. एवढी घुमी पोरगी! शेजारी जीव जाऊन राह्यला अन् तोंडातून शब्द नाही."

म्हणजे पोरीनं कायद्याचं घरी सांगतलंच नव्हतं. कोपऱ्यातून माह्याकडे पाहत होती. मी सांगतलं असतं तं तिले बसणारी बोलणी थांबली असती. पण सकाळी सरापर्यंत गेलं असतं अन् माहं काम गेलं असतं. मी चहा पेली.

निघताना माय तिले म्हणे, "काकूची माफी माग."

तिनं मागतली. मी मान हलवली अन् चप्पल घातली.

तुमी असत्या तं तिथं, त्या मायसमोर, काय केलं असतं?