डबल डेकर आणि आईच्या पाट्या

परवा बोईसर स्टँडवर सुक्या बोंबलांचा वास आला आणि साठच्या दशकातला तो दिवस आठवला. तारापूरच्या खडबडीत रस्त्यावर चालेल का, हे पाहायला डबल डेकर आणली होती. गावात कॉलेजला जाणारा मीच, म्हणून बसबरोबर आलेल्या साहेबांनी गावाचा अभिप्राय लिहायला मला बसवलं.

कोळणींच्या मासळीच्या पाट्या नेहमी बसच्या टपावरून बाजारात जात. या डबल डेकरचा टप फार उंच.

"आमचा म्हावरा कुठं ठेवायचा, सायेब?" आईनं विचारलं.

"ही माणसांची बस आहे, बाई."

"मग आमी इकायचं काय?"

मी लिहिलं, 'पाट्यांना जागा नाही. ही बस नको.'

साहेबांनी वाचलं. "ही तुझी कोण?"

नातं कळलं तर कागद फाडतील, या भीतीनं मी म्हणालो, "कोणी नाही."

आई शेजारीच उभी होती.

बस नाकारली गेली. पण तेव्हा मला नेमकी कागद फाटण्याचीच भीती वाटली होती का, हे आज खात्रीनं सांगता येत नाही.