कोंबडीबाई आणि स्वेटरबाई

गल्लीत तिला सगळे कोंबडीबाई म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. पण गल्ली अरुंद आणि खिडक्या समोरासमोर, त्यामुळे पाठीमागचं बोलणं तोंडावर यायला फार वेळ लागत नसे. तिला त्याचं काही वाटत नव्हतं. नाव चुकीचं थोडंच होतं? जनावरांच्या रोगांवर काम करणाऱ्या सरकारी प्रयोगशाळेत ती डॉक्टर होती आणि नोकरीला लागल्यापासून तिच्या वाट्याला कोंबड्याच आल्या होत्या. बरोबरीच्यांनी गाई घेतल्या, घोडे घेतले. घोड्यामागे पैसेवाला मालक उभा असतो, गाईमागे डेअरी उभी असते. कोंबडीमागे कोण उभं राहणार? त्यातून तिच्या कोंबड्या पोल्ट्रीतल्याही नव्हत्या. उकिरडा उकरणाऱ्या, खाटेखाली अंडी घालणाऱ्या, ज्या घरात अडीनडीला विकण्यासारखं दुसरं काही नसतं त्या घरातल्या.

नवरा शिलाई मशिनी दुरुस्त करायचा. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या दोन खोल्यांत संसार. ती घरी आली की तो तिच्या खांद्यावरचं पीस चिमटीत उचलायचा आणि म्हणायचा, "माझी गिऱ्हाइकं निदान पिसं तरी गाळत नाहीत." सासू आतून ओरडायची, "आधी हात धू म्हणावं तिला!" हात तर ती प्रयोगशाळेतून निघतानाच घासून धूत असे, पण सासूच्या समाधानासाठी पुन्हा एकदा धुवायची. एकंदरीत घर बरं चाललं होतं.

ऋतू पालटला की मानमोडी यायची. संध्याकाळी दाणे टिपत फिरणारी कोंबडी सकाळी मान पिरगाळून कोपऱ्यात बसलेली दिसे, आणि बघता बघता वस्तीच्या वस्ती साफ. लस नव्हती असं नाही. लस होती, पण पोल्ट्रीवाल्यांच्या सोयीची: एका बाटलीत हजार पक्ष्यांपुरती, आणि तीही सतत बर्फात ठेवायची. दगडखाणीजवळच्या वस्तीत बर्फ कुठला, आणि हजार कोंबड्या तरी कुठल्या? लस बनवणाऱ्यांना विचारलं की ते गोड बोलत आणि फोन ठेवून देत.

अशात तिच्या वाचनात आलं, की समुद्रापलीकडच्या एका देशात, तोही आपल्यासारखाच ओढगस्तीतला, उन्हात टिकणाऱ्या लशीवर काम चाललं आहे. त्या देशाशी आपला करारही होता. अशाच काही गरीब देशांनी मिळून ठरवलं होतं, की संशोधन, ज्यापासून लस वाढवतात ते बीज आणि माणसं एकमेकांना विनामोबदला द्यायची. ती साहेबांकडे गेली.

साहेब म्हणाले, "अहो बाई, तो करार फोटोपुरता होता."

"फोटो काढून झालाय ना? मग आता करार वापरू या."

साहेब हसले आणि त्यांनी सही केली. माणूस चांगला होता, फक्त आजवर त्याच्याकडे कुणी काही मागितलं नव्हतं.

लशीचं बीज आलं आणि त्याच्या सोबतीला तिथली डॉक्टरही आली. धिप्पाड, मोठ्याने हसणारी, आणि भर उन्हात स्वेटर घालणारी. तिच्या देशात म्हणे याहून गरम असतं. सासूने पहिल्याच दिवशी तिचं नाव स्वेटरबाई ठेवलं आणि ते कायमचं चिकटलं. राहायची सोय सरकारी विश्रामगृहात होती, पण तिथे नळाला पाणी नव्हतं, म्हणून आठवडाभरात तिचं बिऱ्हाड शिलाई मशिनींच्या दुकानात, कापडाच्या पडद्यामागे, येऊन पडलं. दोघी बोलत त्या तिसऱ्याच एका परक्या भाषेत, शाळेत शिकलेल्या, मोडक्यातोडक्या. त्या भाषेत अहो-जाहो कसं करतात हे दोघींनाही नीट माहीत नव्हतं, म्हणून पहिल्यापासून अगंतुगंच सुरू झालं. चूक झाली तरी हसायला कुणी नव्हतं. भाषा दोघींपैकी कुणाच्याच बापाची नव्हती.

काम जमलं. अंड्यांत लस वाढवायची, ती उबेत ठेवायची, जिवंत राहिली का पाहायची. राहिली. कोंबडीबाईने ती बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून खिडकीत ठेवली, तरी राहिली. त्या दिवशी दोघींनी प्रयोगशाळेच्या व्हरांड्यात एकमेकींच्या पाठीवर अशा थापा मारल्या की शिपाई बघायला आला.

भांडण झालं ते पुढे. कोंबडीबाईचा बेत होता लस दाण्यांत मिसळायचा. बाया दाणे टाकतील, कोंबड्या खातील, कुणाला पकडायला नको की धरायला नको.

"चालत नाही," स्वेटरबाई म्हणाली. "आम्ही करून पाहिलंय. लस दाण्यावरच मरते. डोळ्यात थेंब टाकावा लागतो."

"तुमच्या कुठल्याच लेखात हे लिहिलेलं नाही."

"आपटलो ते लेखात कोण लिहितं?"

"मग मी विश्वास कशावर ठेवू? तुमचे दाणे वेगळे, आमचे वेगळे."

स्वेटरबाईने खूप समजावलं. कोंबडीबाई ऐकेना. दाण्यांच्या कल्पनेवर तिची वर्षं गेली होती, आणि एखादी गोष्ट डोक्यात बसली की ती सासूच्याही वरताण हट्टी होती. शेवटी ठरलं की खाणीजवळच्या वस्तीत अर्ध्या घरांना दाणे द्यायचे, अर्ध्यांना थेंब. घरं चिठ्ठ्या टाकून निवडली. वस्तीला सांगितलं, की औषध नवीन आहे, दोन तऱ्हांनी देऊन बघतोय. कुणी फारसं काही विचारलं नाही.

ऋतू पालटला. मानमोडी आली. थेंबवाल्या घरांतल्या कोंबड्या अंगणात बिनघोर हिंडत होत्या आणि दाणेवाल्या घरांत माणसं खड्डे खणत होती.

कोंबडीबाई वस्तीत गेली तेव्हा खडी फोडणारी एक बाई उंबऱ्यावर बसली होती. नवरा खाणीत पाय गमावून घरी बसलेला, लेक शाळेत, आणि कोंबड्या गेलेल्या. शेजारच्या अंगणात कोंबडा आरवत होता.

"बाई," खडीवाली म्हणाली, "तिचं औषध आणि माझं औषध एकच का?"

"एकच."

"मग तिच्या जगल्या कशा?"

"तिच्या कोंबड्यांच्या डोळ्यात थेंब टाकला होता. तुम्हाला दाणे दिले होते. कशाने गुण येतो ते बघायचं होतं."

"म्हणजे माझ्यावर बघितलंत."

कोंबडीबाई तिथेच जमिनीवर बसली. "हो," ती म्हणाली. "मला एकीने सांगितलं होतं की दाणे चालत नाहीत. मी ऐकलं नाही. कोंबड्या मी भरून देईन."

"देशीलच!" खडीवाली एकदम एकेरीवर आली. "आणि नुसत्या कोंबड्या नकोत. तो थेंब कसा टाकायचा तेही दाखव. मग मला कुणाच्या तोंडाकडे बघायला नको."

परतताना गाडीत स्वेटरबाई शेजारी होती. तिने 'मी सांगितलं होतं' असं म्हटलं असतं तर कोंबडीबाईला बरं वाटलं असतं. घराशी उतरताना ती एवढंच म्हणाली, "माझ्याकडे अशा अकरा वस्त्या होत्या. मी लिहायला हवं होतं."

साहेबांनी प्रयोगशाळेतल्या कोंबड्या द्यायला आढेवेढे घेतले, पण दोघी समोर खुर्च्या टाकून बसल्या आणि उठेचनात, तेव्हा त्यांनी दिल्या. दाणेवाल्या प्रत्येक घरी कोंबड्या पोचल्या. खडीवालीने आपल्या मोजून घेतल्या, एकीच्या पंखाखाली बघितलं, हसली मात्र नाही.

मग शिकवणं सुरू झालं. दिवसाढवळ्या कोंबडी हाताला लागत नाही, हे स्वेटरबाईला तिच्या मुलखात कळलं होतं. म्हणून उजाडण्याआधी, खुराडं उघडायच्या आत जायचं आणि एकेक बाहेर काढायची. पण अंधारात घोटाळा व्हायचा. एखादीला दोनदा थेंब, एखादी तशीच सुटायची. कोंबडीबाईने लशीत खाण्याचा निळा रंग मिसळला. थेंब पडला की डोळ्याच्या कडेला निळं दिसायचं, जिचं झालं तिचं झालं. स्वेटरबाईने कपाळावर हात मारला. "इतकी वर्षं आम्ही सुतळ्या बांधत बसलो!" निळ्या रंगाची एक बाटली तिने तिथल्या तिथे आपल्या बॅगेत टाकली.

स्वेटरबाई जायच्या आधी दोघींनी मिळून एक लेख लिहिला. त्यात काय जमलं ते शेवटी होतं; सुरुवातीला काय फसलं आणि कसं फसलं. साहेबांना ते काही रुचलं नाही. "आपली शोभा होईल," ते म्हणाले. झालं उलटंच. करारातल्या इतर देशांतून फोन येऊ लागले. एकाने कळवलं, दाणे आमच्याकडेही फसले, आम्हीही गप्प बसलो. आणखी एका देशातल्या डॉक्टरने सांगितलं, की आम्ही दाणे शिजवून त्यात लस मिसळली. लस टिकली, पण दाणे कोंबड्यांपर्यंत पोचलेच नाहीत, घरातल्या माणसांनी खाल्ले. हे ऐकून कोंबडीबाई आधी हसली, आणि मग बराच वेळ हसली नाही.

स्वेटरबाई गेली तेव्हा सासूने तिला लोकरीचे हातमोजे विणून दिले.

पुढच्या ऋतूत वस्तीत मानमोडी आली आणि आल्या वाटेने गेली. खडीवाली आता आसपासच्या वस्त्यांत थेंब टाकत फिरू लागली; कोंबडीमागे एक अंडं घ्यायची. खडी तिने सोडली नाही, घर काही अंड्यांवर चालत नव्हतं. पण दोन वर्षांत दारात शेळी आली, लेक शाळेत टिकली, आणि छपरावरचं प्लास्टिक जाऊन पत्रा आला. कोंबडीबाई तिच्याकडे गेली की ती खाट झटकून बसायला द्यायची. म्हणायची, "बस. पण दाण्याचं नाव काढू नकोस." आताशा हे म्हणताना ती हसायची.

प्रयोगशाळेच्या मागच्या शेडमध्ये साहेबांनी आपण होऊन शिकवणीचा वर्ग काढून दिला. वर्षातून दोनदा करारातल्या देशांतले डॉक्टर, अधिकारी, गावोगावच्या बाया तिथे येतात. भाषांची खिचडी असते आणि कोंबड्यांचा कलकलाट, त्यामुळे कुणाचं कुणाला फारसं ऐकू येत नाही, पण हात बघून सगळे शिकतात. शिकवायला दोघी असतात, कोंबडीबाई आणि खडीवाली. संध्याकाळी यातले दोन-तीन जण नवऱ्याच्या दुकानात चहाला टेकतात आणि नवरा त्यांना मशिनीत दोरा कसा ओवायचा ते दाखवतो.

परवाच्या वर्गात करारातल्या एका देशातला तरणाबांड अधिकारी आला होता, अगदी कडक इस्त्रीतला. संपूर्ण जिल्ह्याच्या पशुपालनाचं खातं त्याच्याकडे. सगळ्यांनी कोंबड्या धरल्या, हा मात्र भिंतीला पाठ लावून उभा.

"काय झालं?" कोंबडीबाईने विचारलं.

त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि त्याच शाळेतल्या परक्या भाषेत हळूच सांगितलं, "मला कोंबड्यांची भीती वाटते. लहानपणी एक मागे लागली होती."

खडीवालीला भाषा कळली नाही, पण चेहरा कळला. तिने शेडमधली सगळ्यात गरीब, म्हातारी कोंबडी शोधून काढली, पंख मिटून दोन्ही हातांत धरली आणि त्याच्या पोटाशी नेऊन ठेवली. "धर रे बाबा," ती म्हणाली, "तीच तुला घाबरलीय."

कोंबडीबाईने ते त्याला परक्या भाषेत जमेल तसं सांगितलं. त्याने डोळे मिटले, हात पुढे केले. कोंबडी त्याच्या इस्त्रीच्या शर्टावर हागली, आणि त्याने तिला सोडलं नाही.